ओटीपी यांच्या मोबाइलवर येतो

वसमतमधल्या स्त्रीमुक्तीचं मुख्य कार्यालय व्हॉट्सअॅपवर आहे आणि त्याचे अॅडमिन पुरुष आहेत. याला कुणाचाच इलाज नव्हता. बचत गटाच्या बायकांचा ग्रुप काढायचा म्हणून नंबर मागितले, तर बायकांनी दिले ते 'यांचे', दिराचे, नाहीतर थोरल्या पोराचे. परिणामी महिलांच्या ग्रुपवर यच्चयावत पुरुष जमले. पहाटे पाचपासून ते एकमेकांना गुलाबाची फुलं पाठवतात. रक्तक्षय तपासणी शिबिराचा निरोप आला की झाडून सगळे अंगठा दाखवतात. शिबिरात मात्र शुकशुकाट, कारण ज्यांचं रक्त कमी आहे त्यांच्या कानावर निरोप गेलेलाच नसतो.

सरकारी आकडेही हेच सांगतात, फक्त गंभीर चेहऱ्यानं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 38 टक्के बायकांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं निघालं, पुरुष 61.5 टक्के. 'कधी ना कधी' म्हणजे पोराच्या फोनवर एकदा पाककृती पाहिली, तीही यात आली. तरी स्त्रीसन्मानाच्या मजकुराचा तुटवडा कधी जाणवत नाही. पुरवठा करणारे समर्थ आहेत.

या पुरवठ्याचा हंगाम आठ मार्च. हळद काढणीचा हंगामही नेमका तेव्हाच. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. ती मातीतून वेचली जाते मात्र बायकांच्या हातांनी. पाला कापला, सरी उकरली की मागून बायका उकिडव्या बसून कंद वेचतात, माती झटकतात, गड्डा वेगळा आणि हळकुंड वेगळं करतात. नखं पिवळी, कंबर कामातून गेलेली. तेवढ्यात बांधावरून मालकाचे चिरंजीव येतात, 'मावशी, जरा हसा' म्हणतात आणि तीस सेकंदांची रील काढतात. मागं ढोल-ताशा, वर अक्षरं : कष्टकरी नारीशक्तीला मानाचा मुजरा. दिवस मावळेपर्यंत लाइकचा ढीग. मावशी हसता हसता एवढंच म्हणाली होती, 'गड्याला जितका रोज, तितका आमाला कवा?' ते वाक्य कापावं लागलं. रीलला वेळेची मर्यादा असते.

कॉलेजातल्या पोरींचं जरा वेगळं आहे. त्यांच्याकडं फोन आहे, चेहरा नाही. डीपीला गुलाब असतो, राधाकृष्ण असतात, नाहीतर भाचा. मुलींनी काय घालावं यावर एखाद्या पोस्टखाली वाद पेटला की एका बाजूला गॉगल लावून बुलेटला टेकलेले तरुण संस्कार शिकवत असतात. दुसऱ्या बाजूला गुलाब, राधाकृष्ण आणि दीड वर्षाचा भाचा एकाकी झुंज देत असतात. भाचा फारच सडेतोड बोलला, तर स्क्रीनशॉट थेट त्याच्या आजोबांकडं जातो आणि वाद कायमचा मिटतो.

'मी टू'ही इथं आलं, पण विनोदांच्या वेशात. ऑक्टोबर 2017 मध्ये अमेरिकेत उसळलेली लैंगिक छळाविरुद्धची ही लाट वर्षभरानं भारतात पोचली. छळाच्या आरोपांवरून केंद्रातले राज्यमंत्री एम. जे. अकबर यांचं मंत्रिपद गेलं. पत्रकार प्रिया रमानींवर त्यांनी घातलेल्या बदनामीच्या खटल्यात फेब्रुवारी 2021 मध्ये रमानी निर्दोष सुटल्या. आपल्याकडं मात्र 'आता बायकांशी बोलायचीही चोरी' अशी हळहळ फिरली आणि बायकोशी 'मीठ दे'च्या पलीकडं कधी न बोललेल्यांनी ती हिरिरीनं पुढं ढकलली. ढकलायचं राहून गेलं ते इतकंच, की कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक समिती असते आणि शेतात किंवा कुणाच्या घरी राबणारी बाईसुद्धा घटनेपासून तीन महिन्यांच्या आत या समितीकडं तक्रार करू शकते.

या कायद्याच्या मुळाशी राजस्थानातल्या भटेरी गावची भंवरी देवी आहे. 1992 मध्ये कामाचा भाग म्हणून बालविवाह रोखायला गेल्याचा सूड म्हणून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्या प्रकरणातून 1997 ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं निघाली. भारतात 1992 मध्ये मोबाइलही आला नव्हता, फॉलोअर तर लांबच. आणि वर सांगितलेल्या त्याच सर्वेक्षणात आपल्या शेजारच्या परभणीत (वसमत 1999 पर्यंत त्याच जिल्ह्यात होतं) 20 ते 24 वयाच्या 48 टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत उरकलेली निघाली. त्यावर कुणी स्टेटस ठेवलं नाही. लग्नांच्या रीलवर मात्र अभिनंदनाचा पाऊस पडला.

शासन मागं राहील कसं? 2024 च्या जूनमध्ये 'माझी लाडकी बहीण' योजना आली. महिन्याला 1,500 रुपये, थेट बाईच्या खात्यात. मग सप्टेंबर 2025 मध्ये ई-केवायसीची सक्ती झाली आणि त्यात बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा बापाचा आधारही मागितला गेला. नवरा आणि बाप दोघंही हयात नसलेल्या बाईनं काय करावं, हे योजनेला पुढं सवडीनं आठवलं. ई-सेवा केंद्रात खुर्चीच्या कडेवर बसून, शेजारणीच्या फोनवरून तेव्हा असा संवाद चाले :

'अहो, ओटीपी आला का?'

'कशाचा?'

'लाडक्या बहिणीचा.'

'थांब, गाडीवर हाव.'

गाडी थांबेपर्यंत ओटीपीची मुदत संपे. केंद्रवाला म्हणे, 'ताई, उद्या या, येताना यांनाच घेऊन या.' बहीण लाडकी खरी, पण जामीनदार दाजी.

इतकं सगळं चोख चाललेलं असताना एका घरात घोळ झाला. सुनेला माहेरून तिचा स्वतःचा फोन मिळाला. सिम तिच्या नावाचं. तिनं रील काढली नाही, स्टेटस ठेवलं नाही, कुणाला जाब विचारणारी पोस्टही टाकली नाही. म्हणून पहिले काही दिवस कुणाला संशय आला नाही. मग एके दिवशी नवरा हळद विकून मोंढ्यातून आला आणि पट्टी खिशात ठेवून त्यानं तोंडी भाव सांगितला. ती भाकरी थापता थापता म्हणाली, 'बीटात तर आज क्विंटलमागं हजार जास्त निघालाय. तुमचीच हळद ओली होती का?'

पुढच्या महिन्यात भावकीतल्या पंधरा वर्षांच्या पोरीची लग्नपत्रिका सगळ्यांच्या फोनवर आली. तीच कुणीतरी 1098 वर कळवली. मांडवात वरातीआधी पोलीस आणि ग्रामसेवक पोचले. कळवणारं कोण, ते अजून सापडलेलं नाही.

गावानं या दोन्ही घटनांची गंभीर दखल घेतली. पारावर बैठक बसली, सगळ्या पक्षांची मंडळी आली. दोन तास चर्चा होऊन, मोबाइलमुळं बायका बिघडायलेत, यावर एकमत झालं. स्त्रीप्रश्नावर सगळे पक्ष एकत्र आल्याची ही पहिलीच वेळ.