कांद्याची मात्रा आणि डाळीला शिक्षा

शरीरात प्युरीन मोडता मोडता शेवटी झँथिन ऑक्सिडेज हे विकर युरिक अ‍ॅसिड बनवते. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे ते आणखी मोडणारे युरिकेज असते. माणसाने ते उत्क्रांतीच्या गर्दीत हरवले, आणि निस्तरायचे काम मुख्यतः मूत्रपिंडांच्या गळ्यात पडले. रक्तात डेसिलिटरमागे 6.8 मिलिग्रॅमच्या वर युरिक अ‍ॅसिड साचत राहिले की त्याचे स्फटिक होऊ शकतात. त्यांची आवडती जागा पायाचा अंगठा, आवडती वेळ मध्यरात्र. हाच गाऊट.

झँथिन ऑक्सिडेजला आवर घालणारी संयुगे भाजीत असतात, हे खरेच. कांद्यात क्वेर्सेटिन, सेलरीत एपिजेनिन. परीक्षानळीत दोघांचीही कामगिरी उत्तम. अडचण एवढीच की गाऊट परीक्षानळीला झालेला नसतो. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 22 पुरुषांना रोज 500 मिलिग्रॅम क्वेर्सेटिनच्या गोळ्या दिल्या. चार आठवड्यांत युरिक अ‍ॅसिड जेमतेम अर्ध्या मिलिग्रॅमने उतरले. शंभर ग्रॅम कांद्यात क्वेर्सेटिन साधारण 20 ते 40 मिलिग्रॅम. म्हणजे तेवढ्यासाठी रोज सव्वा ते अडीच किलो कांदा. लासलगावला हा उपचार मान्य होईल. लोकलमध्ये शेजारी बसणाऱ्याचे सांगता येत नाही. त्यातून हे द्रव्य सर्वांत जास्त असते बाहेरच्या पापुद्र्यांत, आणि सोलताना नेमके तेच केराच्या टोपलीत जातात. औषध टोपलीला, गाभा रुग्णाला.

क जीवनसत्त्वाचा परिणामही असाच माफक.

प्युरीनच्या आरोपावरून खरी शिक्षा मात्र डाळीला होते. सुमारे 47 हजार अमेरिकी पुरुषांवर बारा वर्षे नजर ठेवून 2004 साली निष्कर्ष आला: मांस-मासळीने गाऊटचा धोका वाढतो, प्युरीनयुक्त भाज्यांनी नाही. तरी घरोघरी तूर आणि पालक हद्दपार, आणि शनिवारची बिअर 'जवाचीच तर आहे' म्हणून निर्दोष. जोडीला 'नैसर्गिक' म्हणून फळांचा रस. त्यातले फ्रुक्टोज यकृतात जिरताना युरिक अ‍ॅसिडच वाढवते.

त्याच झँथिन ऑक्सिडेजला खरोखर वेसण घालणारी अ‍ॅलोप्युरिनॉलची गोळी 1966 पासून गाऊटवर वापरात आहे. तिच्यामागच्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना 1988 चे नोबेल मिळाले. डॉक्टर ती लहान मात्रेपासून सुरू करून रक्ततपासणीनुसार वाढवतात. आकडा खाली आला की रुग्ण ती परस्पर बंद करतो आणि श्रेय आवळ्याच्या रसाला देतो.