सुचलं, पुढे काय?

संगीतकाराला चाल कशी सुचते, याबद्दल आपण फार भाविक असतो. मध्यरात्र, मिटलेले डोळे आणि वरून अलगद उतरणारी धून! मला मात्र सुचण्याचं एवढं अप्रूप वाटत नाही. सुचतं तर सगळ्यांनाच. बँकेत टोकन घेऊन बसलेल्या माणसाकडे बघा. खुर्चीच्या हातावर त्याची बोटं काय झकास ठेका धरतात! फक्त नंबर पुकारला की तो ठेका तिथंच सोडून तो उठतो. सुचलेलं असं सोडून न उठणाऱ्या माणसाला संगीतकार म्हणत असावेत.

बेथोवेनच्या पाचव्या सिंफनीचं बीज चार स्वरांचं. आपल्या हिशेबानं तीन आखूड पंचम आणि एक लांब कोमल गंधार. पाठोपाठ तसेच तीन मध्यम आणि एक रिषभ. एवढं तर पेटी शिकायला बसलेलं पोरही पहिल्या दिवशी काढेल. हे स्वर आले कुठून, याचे साक्षीदार दोन. चिटणीस शिंडलर म्हणे, ही दारावर नियतीची थाप. शिष्य चेर्नी म्हणे, छे, हा तर एका पाखराचा आवाज. या शिंडलरनं बेथोवेनच्या संभाषणांच्या वह्यांत मागाहून पदरच्या नोंदी घुसडल्याचं पुढे उघड झालं. तेव्हा माझं मत पाखराला.

पण पाखरू गाऊन उडून गेलं. वहीत अडकला बेथोवेन. १८०४च्या सुमारास या सिंफनीची टिपणं सुरू झाली आणि ती पुरी व्हायला १८०८ उजाडलं. दरम्यान चौथी सिंफनी झाली, व्हायोलिन कॉन्सर्टो झाला. हे चार भाडेकरू मात्र जागा सोडायला तयार नाहीत. मग त्यानं त्यांच्याकडून भाडं वसूल केलं, तेही सव्याज. एका वाद्यानं सोडले की दुसऱ्यानं झेलले. हॉर्ननं त्यांनाच पुढे ताणून दुसऱ्या धुनेची वर्दी दिली. तिसऱ्या भागात स्वर बदलले, पण हॉर्नवाले तोच ठेका घेऊन हजर. चौथ्या भागाच्या उंबऱ्यावर सगळं शांत होतं, तर तिथंही टिंपनी दबक्या आवाजात तेच घोकतेय.

२२ डिसेंबर १८०८ला व्हिएन्नात ती पहिल्यांदा वाजली. थिएटर गारठलेलं, कार्यक्रम चार तासांचा, आणि शेवटची रचना तर मध्येच विस्कटल्यानं थांबवून पुन्हा धरावी लागली. श्रोत्यांचे दातही एव्हाना तीन आखूड, एक लांब असेच वाजत असावेत.

आपल्याकडे कल्पना वाढते ती भर बैठकीत. बंदिश दोन ओळींची आणि समोर तास-दीड तास. अमीर खाँसाहेब अतिविलंबित झूमऱ्याच्या चौदा मात्रांत एकेका स्वरापाशी असे रमायचे, की पुढचा स्वर यायचाय हेच ऐकणारा विसरायचा. इथं खोडरबर नाही. एखादी जागा भलतीकडे गेली, तर कसलेला गवई तीच पुन्हा घेतो, जरा वळवून तिसऱ्यांदा घेतो आणि समेवर येतो. पुढच्या रांगेतले 'क्या बात है' म्हणतात. बेथोवेननं वहीत जे रेघ मारून केलं असतं, ते इथं दाद घेऊन होतं. जिद्द मात्र एकच: हाती आलेलं इवलंसं का असेना, त्यातलं सगळं बाहेर काढल्याशिवाय पुढचं मागायचं नाही.

म्हणून कल्पना थोर की किरकोळ, हे ती सुचताक्षणी ठरत नसावं. तिच्याशी कुणी किती दिवस झटलं, त्यावर ठरत असावं. हल्ली कुणी मला "एक भन्नाट चाल सुचलीय, ऐकवू?" म्हणालं, की मी त्याला प्रेमानं चहा पाजतो आणि चार वर्षांनी ये म्हणतो.