कूलरच्या गावात हिटर

वरणगावच्या माणसाने थंडीची तक्रार केली की पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोनवर हसतात. त्यांच्या लेखी भुसावळ तालुक्याला एकच ऋतू असतो आणि तो मे महिन्यात टीव्हीवर दाखवतात.

पण जानेवारीत इथे पारा दहाच्याही खाली उतरतो. केळीला हे ठाऊक आहे. अशा रात्री रावेर-यावलकडे शेतकरी बांधावर काडीकचरा पेटवून बागेत धूर करतात, पहाटे विहिरीचं कोमट पाणी सोडतात. सरकारलाही ठाऊक आहे. सलग तीन दिवस किमान पारा ८ अंश किंवा त्याखाली राहिला, तर केळीला विम्याची भरपाई मिळण्याची सोय आहे. मला नाही. मी मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत झोपतो.

ही खोली भावाच्या लग्नात काढली. लग्न झालं, भाऊ पुण्याला गेला आणि खोली माझ्या वाट्याला आली. पुढचं घर आजोबांच्या वेळचं, धाब्याचं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडं आणि मातीचा थर. ते उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार असतं. खोलीला चार इंची भिंत आणि वर पन्हळी पत्रा, त्यामुळे ती बरोब्बर उलटं वागते. मिस्त्रीला विचारलं, तर त्याने वर न बघताच निकाल दिला, "पत्रा हाय भो, थंड तर राहीनच!"

मग मी हिटर आणला. दोन हजार वॅटचा, म्हणजे अर्ध्या तासाला एक युनिट. शेजारी दीपनगरला पाचशे-पाचशे मेगावॉटचे संच कोळसा खात असताना आपण दोन किलोवॉटला का घाबरावं, असा माझा विचार होता. हिटर लाल व्हायचा, माझ्या नडग्या भाजायच्या आणि पाठ हिमालयात असायची. गरम हवा सरळ वर जायची आणि पत्र्यामार्गे वरणगावचं आकाश तापवायची. आकाश काही तापत नव्हतं.

पहाटे आणखी एक प्रकार. निरभ्र रात्री पत्रा आपली सगळी ऊब आभाळाला देऊन टाकतो आणि बाहेरच्या हवेहूनही गार होतो. मग माझ्याच श्वासाची वाफ त्याला आतून चिकटते, तिचे थेंब होतात आणि ते नेमके कपाळावर पडतात. घरात बसून दवात भिजणारा माणूस मी माझ्याशिवाय दुसरा पाहिलेला नाही.

सल्ले भरपूर आले. मावशी म्हणाली, रात्री कोळशाची शेगडी ठेव. तिला शेजारच्या काकांनी जागीच थांबवलं. काका फॅक्टरीतून निवृत्त झालेले. वरणगावात फॅक्टरी म्हटलं की ती दारूगोळ्याची, त्यामुळे आग आणि धूर या विषयांत त्यांच्या शब्दाला वजन. "बंद खोलीत शेगडी नाही म्हणजे नाही. तो वायू दिसत नाही, वास येत नाही. माणूस झोपेतच जातो." एवढं सांगून त्यांनी उदबत्ती मागवली. देवाला नव्हे. उदबत्ती हातात धरून ते खोलीभर फिरले आणि धूर कुठे हलतो ते बघत राहिले. पत्र्याच्या पन्हळी आणि भिंतीच्या मधे तो थरथरला. दाराखाली वाकला. खिडकीपाशी आल्यावर मात्र आडवाच झाला.

खिडकीत कूलर होता. आमच्याकडे कूलर काढत नाहीत. तो बसवतानाच एवढी मारामारी झालेली असते की पुढचा उन्हाळा येईपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. उन्हाळाभर बाहेरची हवा आत ओढण्यासाठी केलेलं ते दोन-अडीच फुटांचं भगदाड, वाळलेल्या गवतातून तापीकाठचा वारा रात्रभर आत सोडत होतं आणि समोर मी हिटर लावून बसत होतो.

आई दारातून म्हणाली, "मी दिवाळीपासून सांगू र्‍हायली, पहिले भोकं बुजा. हिटरनं काय व्हते?"

मग भोकं बुजवली. कूलर निघाला, खिडकी मिटली. पन्हळीखाली सिमेंटचा माल भरला, दाराखाली रबराची पट्टी लावली. खरा खर्च छतालाच आला. पत्र्याखाली वीतभर जागा सोडून थर्माकोलच्या जाड शीट आणि खाली पीव्हीसीच्या पट्ट्या. थर्माकोलला ठिणगीचं वावडं, म्हणून काकांनी वायरी पाइपातून नेल्या आणि हिटरसाठी जमिनीवर खडूने हद्द आखून दिली. हेच छत मे महिन्यात ऊन वरच अडवेल, हेही त्यांनी बजावलं. आता झोपण्याआधी थोडा वेळ हिटर लावला तरी ऊब टिकते.

आईचा त्यावर विश्वास नव्हता. थर्मामीटरही तिला मान्य नाही. थंडीत दही लागत नाही, हे तिचं हवामानखातं. तिने रात्री विरजणाचं पातेलं माझ्या उशाशी ठेवलं. सकाळी दही असं लागलं की सुरीने कापावं.

ही बातमी गल्लीत गेली. आता संध्याकाळपासून शेजारच्या वाट्या यायला लागतात, झाकणांवर नावं लिहिलेल्या. काकांची वाटी कपाटावर असते, कारण तिथे ऊब जास्त, हे त्यांनी उदबत्तीने तपासलं आहे. काल रात्री मी जरा खोकलो, तर भिंतीपलीकडून मावशी ओरडली, "हळू रे, दही हालीन!"