निवृत्तीनंतरची बढती

आमचे काका सैन्यातून निवृत्त झाले ते हवालदार म्हणून. त्यांच्या खऱ्या बढत्या त्यानंतर झाल्या.

1993 साली काळी ट्रंक आणि होल्डॉल घेऊन ते पेणच्या खारेपाटातल्या आमच्या गावी उतरले. ‘हवालदार आले’ एवढंच कानावर पडल्यामुळे गावातले दोघे जण मागच्या दारानं खाजणाकडे निघून गेले, ते रात्री जेवायलाच परतले. गावाला ठाऊक असलेला हवालदार पोलिसातला. त्या दोघांच्या परसात कसलं पिंप होतं ते मी सांगत नाही. वारा सुटला की ते आपोआप कळायचं. पुन्हा असा घोळ नको म्हणून गावानं काकांना परस्पर सुभेदार करून टाकलं. त्यांच्याकडे मिलिटरी कॅन्टीनचं कार्ड आहे ही बातमी फुटली तेव्हा ते मेजर झाले. लग्नसराईत कर्नल होतात. एकदा एक गृहस्थ अंगणातूनच “ब्रिगेडिअरसाहेब आहेत का?” म्हणून हाक मारत आले, तेव्हा काकू चुलीपासून न हलता म्हणाली, “ह्यांना मिक्सर हवाय.” हवा होता.

काका 1969 साली बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि पहिल्या मराठात, म्हणजे 1768 साली उभ्या राहिलेल्या जंगी पलटणीत गेले. आमच्या रायगड जिल्ह्याला फौज नवी नाही. महाड तालुक्यात एका गावाचं नावच फौजी आंबवडे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत एकटे मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले, ठाणं घेतलं आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचं स्मारक आहे. एसटी माणगावात शिरली की काका जागेवरून उठतात, ताठ उभे राहतात आणि सलाम ठोकतात. तेवढ्यात त्यांची सीट जाते. आजवर एकदाही वाचलेली नाही. दर वेळी उठतात.

फौजेत मराठा जवानाला लाडानं ‘गणपत’ म्हणतात. त्यात आमचा गणपत पेणचा. पण ते कळायला समोरच्याला पेण कळायला हवं. “गाँव कौनसा?” या प्रश्नाला काका “पेण” म्हणाले, की पंजाबी सोबती खिशातलं पेन काढून द्यायचे. काका म्हणतात, पहिल्या दोन वर्षांत त्यांना शाई विकत घ्यावी लागली नाही.

गावी आल्यावर त्यांचा पहिला पराभव बैलांनी केला. नांगराच्या टोकाला बांध आला, काकांनी छाती भरून “पीछे मूड!” म्हटलं आणि दोन्ही बैल जाग्यावर बसले. शेवटी गड्यानं टाळूला जीभ लावून एक ‘टक्’ केलं, तशी जोडी वळली. काका महिनाभर तो ‘टक्’ घोकत होते. जेवताना, अंघोळ करताना, झोपेतसुद्धा. काकू एकदा वैतागून म्हणाली, “अहो, वळले मी. आता काय ते सांगा.”

दुसरा पराभव लावणीला. पहाटे पाचला काकांनी शिट्टी मारली. आपली नोकरी गेली असं समजून कोंबडा त्या दिवशी आरवला नाही. लावणीच्या बाया आल्या आठला, मिसरी लावून, सावकाश. काकांनी त्यांना बांधावर उभं केलं आणि हुकूम सोडला, “दाहिने सज!” सगळ्या बाया उजवीकडे बघायला लागल्या. बराच वेळ बघून त्यांतली थोरली म्हणाली, “काका, तिकरशी कोन यायचा हाय?”

रोपांच्या ओळी वाकड्या जातात याचा काकांना मनस्वी त्रास व्हायचा. पुढे कधीतरी डॉ. नारायण सावंतांची चारसूत्री पद्धत त्यांच्या कानावर आली. तीत दोरीवर खुणा करून आधी 15, मग 25, पुन्हा 15 सेंटीमीटर अशा अंतरावर रोपं लावतात. चार चुडांचा एक चौकोन होतो आणि त्याच्या मधोमध खताची गोळी खोचतात, म्हणजे खत पाण्याबरोबर वाहून जात नाही. काकांना त्यातलं खत नंतर समजलं, दोरी ताबडतोब समजली. हे शोधणारा माणूस नक्की फौजेतला असणार, असं ते अजून मानतात. त्या वर्षी आमचं शेत असं दिसलं, की त्यातून वारा गेला तरी कदम मिलाके गेल्यासारखा वाटे. भातही चांगलं झालं, पण ते काकांच्या दृष्टीनं ओघानं आलेलं.

भाद्रपदाच्या आधी आम्ही मूर्ती ठरवायला हमरापूरला जातो. तिथे घरोघरी कारखाने. शेडमध्ये शे-दोनशे गणपती ओळीनं मांडलेले, रंग न लागलेले, नुसते पांढरे. काका दारातच थबकतात. “गणवेश मिळायच्या आधी आम्ही असेच दिसायचो,” असं म्हणतात आणि रांगेवरून फिरू लागतात. डावीकडून सातवा ओळीच्या पुढे आलेला असतो. कारागीर समजूतदार, तो निमूट मूर्ती बोटभर मागे घेतो. पोटाबद्दल मात्र कोणालाच काही बोलता येत नाही, ही काकांची खंत.

काकूचं माहेर कुंडलिकेच्या काठी, रोह्याला. काकांचं सासुरवाडीवर विशेष प्रेम, कारण रोह्याचं ग्रामदैवत धावीर महाराज आणि त्यांच्या पालखीला पोलिसांची सशस्त्र सलामी मिळते. देवळात एरवी लोक हात जोडतात, साकडं घालतात. काका सावधान उभे राहतात. साहेबाला नमस्कार करायचा नसतो आणि वरच्या अधिकाऱ्याकडे तोंडी मागणी करायची नसते, हे त्यांचं म्हणणं. एका वर्षी ते असे पालखीच्या वाटेवर इतका वेळ न हलता उभे राहिले, की आजीच्या कडेवरून उतरलेल्या एका पोरानं त्यांच्या पायाशी रुपया ठेवला आणि नमस्कार केला. काकांनी पापणीसुद्धा हलवली नाही. रुपया काकूनं उचलला. “आजवरच्या संसारातली ही वरकमाई,” असं तिनं माहेरी सगळ्यांना सांगितलं.

पण काकांची खरी आघाडी म्हणजे बांध.

खारेपाट म्हणजे खाडीच्या तोंडातून काढून घेतलेली जमीन. बाहेरून मातीचा बांध, त्याला उघाड्या. ओहोटीला उघाडीचं दार उघडतं आणि शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जातं. भरती आली की खाडीच ते दार लोटून बंद करते. खारं पाणी एकदा आत शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायचं नाही. खाडी महिन्यातून दोनदा, अमावास्या-पौर्णिमेला, उधाण घेऊन येते. काका म्हणतात, “पाकिस्ताननं एकाहत्तरला तेरा दिवसांत हत्यार टाकलं. हिला वर्षात चोवीस वेळा चढाई करायची हौस.”

आतल्या बांधांवर दुसरा शत्रू, मुठे. हे खेकडे बांधाला भोकं पाडतात आणि खाचरातलं पाणी शेजाऱ्याकडे पळवतात. काका त्याला ‘सुरुंग’ म्हणतात. एका पावसाळ्यात त्यांनी बॅटरी आणि गोणपाट घेऊन रात्रीची गस्त घातली आणि पकडलेले मुठे वहीत मांडले. हंगामाअखेर भरले 93. ढाक्याला शरण आले ते सुमारे 93 हजार. शून्यं सोडली तर हिशेब बरोबर होता. युद्धकैद्यांना कसं वागवावं हे काकांना पाठ होतं. काकूला नव्हतं. तिनं आलं-लसूण वाटलं, ओलं खोबरं भाजलं आणि जिनिव्हा करार चुलीवर ठेवला.

शेजारच्या आबांशी आमचं भांडण याच बांधावरून. आमच्या दोघांमधला बांध दर वर्षी कुदळीच्या एका घावाएवढा आमच्याकडे सरकतो, असं काकांचं म्हणणं. तो आबांकडे सरकतो, असं आबांचं. शेवटी काकांनी रीतसर पत्र पाठवलं. आराखडा जमालपूरचा होता.

डिसेंबर 1971. पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला बलुच पलटण ठाण मांडून होती आणि जंगी पलटण मागच्या बाजूला ढाक्याचा रस्ता अडवून बसली होती. ब्रिगेडिअर हरदेवसिंग क्लेर यांनी ‘शरण या’ असं पत्र एका स्थानिक माणसाच्या हाती आत धाडलं. लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांचं उत्तर आलं, त्याबरोबर कागदात गुंडाळलेली बंदुकीची गोळी. दुसऱ्या रात्री बलुच पलटण वेढा फोडायला जंगी पलटणीवर येऊन आदळली. 11 डिसेंबरला जमालपूर पडलं.

काकांनी तसंच पत्र लिहिलं. ‘आपणांस चारी बाजूंनी घेरण्यात आले आहे. व्यर्थ हानी टाळावी. बांध पूर्वस्थितीत आणावा.’ पत्र न्यायला मी. अर्ध्या तासानं आबांचं उत्तर आलं, प्लास्टिकच्या पिशवीत. आत एक जिवंत मुठा आणि चिठ्ठी : ‘तुमचा मानूस आमच्या हद्दीत सापडला. परत घ्या.’

मला वाटलं, आता भडका उडणार. काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि त्यांचे डोळे चमकले. इतक्या वर्षांनी त्यांना तोलामोलाचा शत्रू भेटला होता. मुठा त्यांनी मानानं सोडून दिला. वहीतला आकडा 93 वरच थांबला.

त्या संध्याकाळी ते खुशीत होते म्हणून मी विचारलं, “काका, त्या रात्री काय झालं हो? बलुच आले तेव्हा?” लहानपणापासून मी हा प्रश्न विचारत आलो आणि दर वेळी त्यांना कसलं तरी काम आठवायचं. त्या दिवशी म्हणाले, “आम्ही भातखाचरात होतो. बांधाच्या आडोशाला.” मग थोड्या वेळानं, “बांध चांगला होता. ज्यानं घातला, त्याला शेती कळत होती.” आणि उठून बॅटरीचे सेल बघायला गेले.

पुढच्या वर्षी पिठोरी अमावास्येला मी गावी होतो. दिवसभर पाऊस कोसळत होता, त्यात रात्रीचं उधाण. आमच्याकडे अमावास्येची भरती माध्यान्ही आणि मध्यरात्री येते. बाराच्या सुमाराला काकांची शिट्टी ऐकू आली. एवढी वर्षं ज्या शिट्टीला सगळ्या गावानं शिव्या घातल्या होत्या, तिनं त्या रात्री सगळं गाव उठवलं. बाहेरच्या बांधाला खांड गेली होती.

भरती चढत असताना खांड बांधता येत नाही. पाणी उतरेपर्यंत नुसतं बघत बसावं लागतं. तीनच्या पुढे पाणी उतरलं तसे आम्ही चिखलात उतरलो. पूर्वी गावचा बांध गावच राखायचं, घरटी एक माणूस द्यायचं. त्याला जोळ म्हणत. 1979 च्या खारभूमी विकास कायद्यानंतर हे काम सरकारचं झालं आणि जोळाच्या वह्या माळ्यावर गेल्या. पण पुढची भरती दुपारी बाराला येणार होती आणि तिला थांबायला सांगणारं कोणी नव्हतं.

काकांनी लगेच दोन तुकड्या पाडल्या, राखीव दल नेमलं आणि कंदील वर करून बोलायला सुरुवात केली, “जवानो...” खांडीत कमरेएवढ्या पाण्यात आबा उभे होते. एका हातानं मेढ धरून ते ओरडले, “ए फौजी! चिखल दे. भाषन नको.”

सगळी रांग गप्प झाली. काकांनी कंदील माझ्या हातात दिला, धोतर खोचलं आणि रांगेत उभे राहिले. सुभेदार, मेजर, कर्नल सगळे जण एकदमच चिखलात उतरले. चिखलाचा गोळा माझ्याकडून काकांकडे, काकांकडून आबांकडे. मेढींच्या मध्ये पेंढा, पेंढ्यावर चिखल, वर पायानं दाब. “डावीकडं जास्त,” आबा म्हणत. “जी,” काका म्हणत. आयुष्यभरात काकांच्या तोंडून मी ‘जी’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला. बाकीचा सगळा वेळ ते काहीच बोलले नाहीत. उजाडलं, पावसाची एक सर येऊन गेली, काकूनं पातेलंभर चहा आणला आणि खांड बुजली. अकराच्या आत बांध हाताच्या उंचीनं वर आला होता. दुपारची भरती आली, बांधाला टेकली, थोडा वेळ थांबली आणि परत गेली.

देवळात जमल्यावर गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या मास्तरांनी माळ्यावरची जुनी वही शोधून आणली आणि जुन्या रिवाजाप्रमाणे घरांची नोंद केली. काकांनी वही मागून घेतली. आमच्या घरापुढे लिहिलं होतं : माणूस 1. खाली माझ्यासाठी : पाहुणा, अर्धा. काकांनी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली, वही मिटली आणि दोन्ही हातांनी मास्तरांना परत दिली.

दुपारी अंगणातून कोणीतरी लगबगीनं हाक मारली, “कर्नलसाहेब आहेत का?” काका पडवीत पायाचा चिखल खरवडत होते. मान वर न करता म्हणाले, “इथे कर्नल कोणी राहत नाही. माणूस एक आहे. फ्रिज हवा असेल तर उद्या ये.”