आठ रिजेक्ट

आमच्या तिसरीच्या वर्गात एके काळी इतकी शांतता असे, की सातपूर एमआयडीसीतल्या पत्रा दाबणाऱ्या प्रेसचे ठोके मोजता यायचे. 'समजलं का?' विचारलं की चाळीस गळ्यांतून एकच 'होऽऽ मॅडम'. 'काय समजलं?' म्हटलं की चाळीस माना खाली.

मग २२ जून २०१५ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला आणि आम्ही ज्ञानरचनावादी झालो. प्रशिक्षणात साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांचे फोटो दाखवले. तशी रंगवलेली फरशी आपल्याकडेही हवी म्हणून मी अख्खा रविवार गुडघ्यांवर रांगत १ ते १०० आकडे काढले. सोमवारी कळलं, ६७ दोनदा आलेत, ७६च्या जागीही तेच. ज्या पोरीनं हे दाखवलं, ती जूनपासून पहिल्यांदाच बोलत होती. म्हणून तो ६७ मी पुसला नाही. (रंगही ऑइलपेंट होता.)

मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. माझी पोरं तर वर्गात येऊन बसत होती. फक्त तोंड उघडत नव्हती.

'घरून मोजायला काहीतरी आणा,' म्हटलं. प्रशिक्षणात चिंचोके सांगितले होते. सातपूरच्या पोरांनी आणले नट, वॉशर आणि दोन स्प्रिंगा. कुठून आणले ते विचारलं नाही. सगळेच प्रश्न शिक्षकाने विचारायचे नसतात, हेही प्रशिक्षणातच शिकलेले.

खिडकीजवळच्या गटानं नट मोजले. बेचाळीस. त्यातला एक जण मात्र, ज्याचा आवाज मी हजेरीपलीकडे ऐकला नव्हता, म्हणाला, 'चौतीस.'

'अरे, पुन्हा मोज.'

'आठ रिजेक्ट आहेत मॅडम. आटे गेलेत.' मग जरा थांबून, 'पप्पा क्वालिटीत आहेत.'

हातच्याची वजाबाकी मी पंधरा दिवस फळ्यावर घोटत होते. ती इथे एका वाक्यात झाली होती. पुढची वीस मिनिटं चाळीस इन्स्पेक्टर नटांत बोटं फिरवत ओरडत होते. शेजारच्या वर्गातून निरोप आला, 'तुमच्याकडे कोणी नाही का?' प्रेस तर ऐकूच येईना.

गोंधळात तो मुलगा उठला. लाल खडू घेऊन फरशीवर उकिडवा बसला आणि ७६च्या जागच्या ६७वर त्यानं शांतपणे फुली मारली.

'मॅडम, नऊ.'