डिकीतली नवीकोरी म्हातारी

जुन्या गाडीच्या जाहिरातीत एक ओळ हमखास असते: ‘स्टेपनी अनटच’. गाडी 2014ची, मालक तिसरा, क्लच रडतोय. पण स्टेपनी कोरी! घेणारा डिकी उघडतो, टायरवरच्या रबरी केसांवरून बोट फिरवतो आणि हरखतो. केस शाबूत, सौदा पक्का.

वय मात्र केसांवर नसतं, टायरच्या कडेवर छापलेलं असतं. ‘DOT’ या अक्षरांपुढच्या मालिकेतले शेवटचे चार आकडे बघा. 2314 म्हणजे 2014चा तेविसावा आठवडा. हा शिक्का बहुधा एकाच बाजूला असतो, आणि स्टेपनी नेमकी त्याच अंगावर पालथी पडलेली असते. ती उलटायची तर आधी सतरंजी, पाण्याचे कॅन आणि गेल्या गणपतीचं मखर बाहेर काढा. कोण काढतो?

गाडी चालो न चालो, हवा आणि उकाडा रबराला कडक करतच राहतात. उलट चालता टायर दबतो-फुलतो, तेव्हा त्यातलं संरक्षक मेण पृष्ठभागावर येतं. पडून राहिलेल्याला तेवढंही नशिबी नाही. बिनकामाचाही तडकतो. सरकारी कचेऱ्यांत असं का होत नाही, तो वेगळ्या सदराचा विषय.

अनेक मोटार कंपन्या सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात. काही बडे टायरवाले दहा वर्षांची शेवटची हद्द घालतात, स्टेपनीसकट. हॉलिवूड नट पॉल वॉकरचा 2013 साली जीव गेला त्या अपघाताच्या तपासात वेगाबरोबर पोर्शेच्या नऊ वर्षांच्या टायरांनाही दोष दिला गेला. आपण मात्र म्हणणार, ‘अहो, नक्षी बघा की!’

भेगा नसतील, हवा टिकत असेल तर सहा-सात वर्षांची स्टेपनी सावकाश पंक्चरवाल्यापर्यंत नेईल. पण महाभाग एक टायर झिजला की तीच ‘वर काढतात’ आणि समृद्धीवर 120ने सुटतात. तिच्यात हवा किती, हेही माहीत नसतं. पंपावरचा पोरगा ‘स्टेपनी?’ विचारतो, तेव्हा उत्तर ठरलेलं: ‘राहू दे रे.’

2020च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असला, तर मोटारीत स्टेपनी नसली तरी चालते. त्या संचातल्या सीलंटच्या बाटलीवरही मुदत छापलेली असते. कोणी वाचली असेल तर कळवावं.