बालवैज्ञानिक घडवण्याची रीत

डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा मुंबईतील विज्ञान शिक्षकांची संघटना सहावी आणि नववीच्या मुलांसाठी घेते. आधी लेखी परीक्षा, मग प्रात्यक्षिक, शेवटी कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत, अशी चाळण. हेतू पाठांतरापलीकडचे कुतूहल हुडकण्याचा. म्हणून कुतूहलाचे क्लास निघाले, क्लासच्या नोट्स निघाल्या आणि नोट्स तोंडपाठ झाल्या. प्रात्यक्षिकाचाही सराव होतो: परीक्षानळी कशी धरावी, चकित केव्हा व्हावे. प्रकल्पाचे काम मात्र घरात वाटून घेतले जाते. ओल्या कचऱ्याच्या नोंदी आई ठेवते, आलेख बाबा ऑफिसात एक्सेलवर काढतात, स्पायरल बायंडिंग कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला करतो. बालवैज्ञानिक त्या वेळी अबॅकसला गेलेला असतो. मुलाखतीच्या आदल्या रात्री त्याला त्याचे संशोधन समजावून सांगितले जाते.